वावराचा पैसा आणि भावाबहिणीचे नाते : सही करण्यापूर्वी काय पाहाल?

समुद्रपूर तालुक्यातून येणारे प्रश्न शब्दांत वेगळे असतात, पण मूळ बहुधा एकच असते. जाम चौरस्त्याजवळच्या वावराला गिऱ्हाईक आले आहे, भाव चांगला आहे, आणि भाऊ कधी नव्हे तो सासरी येऊन म्हणतो, "बाई, तहसीलमध्ये एक सही लागते." बहीण विचारते, सही करू का? केली तर हिस्सा जातो आणि नाही केली तर भाऊबीज जाते. भावाचे म्हणणेही खोटे नसते. वीस वर्षे वावर त्याने वाहिले, आईच्या दवाखान्याच्या फेऱ्या त्याने मारल्या. आता भाव वाढला म्हणून सगळे सारखेच हिस्सेदार कसे, हा त्याचा सवाल. तिसरा प्रश्न म्हाताऱ्या आईवडिलांचा. जमीन पोरांच्या नावे केली, आणि आता चहासुद्धा मागून घ्यावा लागतो.

आमचे निरीक्षण असे की पैसा किती आला यावरून घरे फारशी फुटत नाहीत. पैसा कोणाच्या खात्यात आला हे बाकीच्यांना चौकातून कळते, तेव्हा फुटतात. म्हणून या लेखातला जवळजवळ प्रत्येक सल्ला एका क्रमावर उभा आहे: आधी सगळ्यांसमोर बोलणे, मग नोंदणीकृत कागद आणि त्यानंतर पैसा. हा क्रम उलटा झाला की कायदा तुमच्या बाजूने असला तरी निकाल हातात येईपर्यंत पोरांची लग्ने होऊन जातात.

आधी ठरवा : जमीन नेमकी कोणाची?

"वडिलांची जमीन" या एका शब्दाखाली निरनिराळे प्रकार येतात आणि प्रत्येकाचा नियम वेगळा आहे.

- वडिलांनी स्वतः घेतलेली, वडील हयात: ती पूर्णपणे त्यांची. ते विकू शकतात, दान देऊ शकतात, मृत्युपत्रात हवे त्याच्या नावे करू शकतात. मुलाला वा मुलीला आज त्यावर हक्क सांगता येत नाही.
- वडिलांनी स्वतः घेतलेली, वडील वारले, मृत्युपत्र नाही: पत्नी, सर्व मुलगे, सर्व मुली आणि वडिलांची आई हयात असेल तर तीसुद्धा, सर्वांना समान हिस्सा. सहा एकर असेल आणि मागे आई, दोन भाऊ, दोन बहिणी असतील तर प्रत्येकी सव्वा एकराला थोडे कमी, म्हणजे १.२ एकर. आजीचे नाव लोक हमखास विसरतात.
- वडिलोपार्जित, एकत्र कुटुंबाची: ९ सप्टेंबर २००५ पासून मुलगी जन्मानेच मुलासारखी सहहिस्सेदार आहे. लग्न झालेले असो वा नसो. त्या तारखेला वडील हयात असण्याची गरज नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने ११ ऑगस्ट २०२० रोजी विनीता शर्मा प्रकरणात स्पष्ट केले. मात्र २० डिसेंबर २००४ पूर्वी नोंदणीकृत वाटणी किंवा न्यायालयाचा हुकूमनामा झालेला असेल तर तो मोडता येत नाही.

हा हिंदू वारसा कायदा बौद्ध, जैन आणि शीख कुटुंबांनाही लागू आहे. मुस्लीम आणि ख्रिस्ती कुटुंबांचे नियम वेगळे. आदिवासी कुटुंबांना हा कायदा थेट लागू होत नाही, पण जुलै २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने एका गोंड कुटुंबाच्या खटल्यात मुलीच्या वारसांचा समान हक्क मान्य केला. गोंड घरातल्या बहिणींनी "आपल्यात देत नाहीत" या उत्तरावर थांबू नये.

सातबाऱ्यावर भोगवटादार वर्ग-२ लिहिलेले आहे का, हेही पाहून ठेवा. तसे असेल तर परवानगीशिवाय विक्री होत नाही. विनोबांच्या पवनारपासून आपण लांब नाही. भूदानात मिळालेली जमीन तालुक्यात कोणाकडे असेल तर ती विकण्याच्या बोलीवर इसार घेऊ नका. ती वारसाने पुढे जाते, बाजारात जात नाही.

सातबाऱ्यावर नाव नाही, म्हणून हक्क नाही?

असे नाही. सातबारा हा महसुलाचा अभिलेख आहे. फेरफाराने मालकी निर्माण होत नाही आणि नाव नसल्याने ती नाहीशीही होत नाही. परंतु नाव नसेल तर तुम्हाला नोटीस येणार नाही, मोबदल्याच्या यादीत तुम्ही दिसणार नाही आणि विक्रीची बातमी सर्वांत शेवटी कळेल. त्यामुळे नाव लावून घेणे हे भांडण नव्हे. नाव लावायला निघालेल्या बहिणीला "कोर्टात चालली" म्हणणाऱ्यांना हे सांगा.

1. वडिलांचा मृत्यूदाखला काढा आणि तीन महिन्यांच्या आत वारसांची माहिती पटवाऱ्याकडे द्या. आता त्या पदाचे नाव ग्राम महसूल अधिकारी आहे. ई-हक्क प्रणालीतून ऑनलाइन अर्जही करता येतो. मुदत गेली असली तरी अर्ज करता येतोच. २०२५ च्या जिवंत सातबारा मोहिमेत अनेक वर्षे पडून असलेल्या वारसनोंदी घेतल्या गेल्या.
2. अर्जात सर्व वारसांची नावे लिहा. बहिणीचे नाव गाळून दिलेले प्रतिज्ञापत्र हे पुढच्या खटल्यातला पहिला पुरावा ठरते.
3. नोंद झाल्यावर हितसंबंधितांना नोटीस निघते. हरकत असेल तर पंधरा दिवसांत लेखी द्या आणि पोच घ्या. तोंडी हरकत ही हरकत नसते.
4. मंडळ अधिकाऱ्याने नोंद मंजूर केली आणि ती तुम्हाला मान्य नसेल तर साठ दिवसांत हिंगणघाटच्या उपविभागीय अधिकाऱ्याकडे अपील.
5. जुन्या सातबाऱ्यावर थोरल्या भावाच्या नावापुढे एकत्र कुटुंब कर्ता अशा अर्थाची अक्षरे असतील तर तो सर्वांच्या वतीने नोंदलेला आहे, एकटा मालक नाही. वडील वारल्यानंतरचा तो फेरफार क्रमांक शोधा आणि त्याची प्रमाणित नक्कल काढा.

"इतर हक्क" हा रकाना वाचायला विसरू नका. वाटणी न झालेल्या जमिनीवर एका भावाने काढलेल्या कर्जाचा बोजा सगळ्यांच्या डोक्यावर बसतो. विक्रीच्या दिवशी बँकेचा आकडा पुढे येतो, आणि भांडण त्याच दिवशी, दुय्यम निबंधकाच्या ओट्यावर सुरू होते.

हक्कसोडपत्र : सर्वांत जास्त नाती इथे तुटतात

वर्ध्याच्या इतिहासातच एक हक्कसोड आहे. जमनालाल बजाज हे सेठ बच्छराज यांच्या घरी दत्तक आलेले नातू. एका लग्नाला दागिने घालून जायला जमनालालांनी नकार दिला आणि आजोबा संतापून पैशावरून टाकून बोलले. सतरा वर्षांच्या जमनालालांनी संपत्तीवरचा सारा हक्क सोडल्याचे लिहून दिले आणि घर सोडले. आजोबांना चूक उमगली आणि त्यांनी निरोप पाठवून नातवाला परत आणवले. संपत्ती पुढे जमनालालांकडेच आली, पण ती आपली नाही असे मानून त्यांनी ती लोकांच्या कामाला लावली. आजच्या कायद्याने पाहिले तर तो कागद टिकला नसता: लिहून देणारा अठराच्या आतला, आणि हक्क अजून मिळालेलाच नव्हता. लोकांनी लक्षात ठेवला तो मात्र आजोबांचा निरोप. तशी समजूत काढणारा वडीलधारा प्रत्येक घरात असतोच असे नाही, म्हणून रागाच्या भरात कुठल्याच कागदावर सही करू नका. हक्क सोडतानाही नाही आणि मागतानाही नाही.

हक्कसोडपत्र समोर आले की या गोष्टी पाहा:

- वडील हयात आहेत का? त्यांनी स्वतः घेतलेल्या जमिनीवर तुमचा हक्क अजून जन्मलेलाच नाही. पुढे कधीतरी मिळेल अशा आशेचा हक्क सोडता येत नाही. असा कागद करून घेणारा स्वतःचेच पैसे वाया घालवतो.
- नोंदणीकृत आहे का? जमिनीचा हक्क सोडण्याचा कागद दुय्यम निबंधकाकडे नोंदवावा लागतो. नोटरीसमोरचा मुद्रांक पुरत नाही. वडिलोपार्जित मालमत्तेतला हक्क भाऊ-बहीण, आईवडील, मुले अशा जवळच्यांच्या नावे मोबदला न घेता सोडला तर मुद्रांक शुल्क ५०० रुपये आहे. त्यामुळे "खर्च फार येतो म्हणून साध्या कागदावर करू" हे कारण मान्य करू नका.
- कोणाच्या नावे? "मी हक्क सोडला" एवढेच लिहिले तर तो हिस्सा सगळ्या उरलेल्यांत वाटला जातो. आईसाठी सोडायचा असेल तर आईचे नाव लिहा. अनेक बहिणी आईसाठी म्हणून सही करतात आणि हिस्सा थोरल्याकडे जातो.
- पैसे ठरले आहेत का? ठरले असतील तर कागदात रक्कम आणि बँकेचा तपशील येऊ द्या. कागदावर "प्रेमाने सोडले" आणि हातात दहा लाखांची तोंडी बोली, हा प्रकार सर्वांत वाईट. पैसे आले नाहीत तर मागायला आधारच राहत नाही.
- कोणत्या गटाचा? गट क्रमांक, क्षेत्र, चतुःसीमा वाचा. "वडिलोपार्जित सर्व मिळकती" असे शब्द असतील तर गावातले घर आणि प्लॉटही त्यात गेले.

एक जुने वाक्य येतेच: "तुझ्या लग्नात खर्च केला, तो तुझा हिस्सा झाला." कायद्यात लग्नाचा खर्च हिस्स्यातून वजा होत नाही, आणि हुंडा दिला असेल तर तो १९६१ पासून गुन्हा आहे. गुन्ह्याची पावती हिशोबात मांडता येत नाही.

आणि बहिणींनो, तुम्हाला खरोखरच हिस्सा नको असेल तर तेही उजळ माथ्याने करा. भावाने वावर सांभाळले, आईला पाहिले, म्हणून मी माझा हिस्सा त्याला देते, हा निर्णय पूर्ण प्रतिष्ठेचा आहे. अट एवढीच की तो तुमचा असावा आणि आपण किती किमतीची वस्तू देत आहोत हे तुम्हाला ठाऊक असावे. सही करण्यापूर्वी त्या गटाचा शासकीय दर आणि बाजारभाव विचारा. पाच मिनिटांचे काम आहे.

वाटणी करायची ठरली तर

सर्वांचे एकमत असेल तर सोपा रस्ता महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियमाच्या कलम ८५ चा. सर्व सहधारकांनी समुद्रपूरच्या तहसील कार्यालयात अर्ज करायचा, जबाब द्यायचे, आदेश घ्यायचा आणि त्यावरून फेरफार. मालकीबद्दलच वाद निघाला तर तहसीलदार निर्णय देत नाहीत. तो प्रश्न दिवाणी न्यायालयाचा. शेतजमिनीच्या वाटणीपत्रावरची नोंदणी फी माफ करण्याचा निर्णय राज्य मंत्रिमंडळाने मे २०२५ मध्ये घेतला. त्यापूर्वी या फीच्या भीतीने लोक घरातल्या घरात कागद करत आणि पुढच्या पिढीला कोर्टात पाठवत.

दुसरा रस्ता दुय्यम निबंधकाकडे नोंदवलेले वाटणीपत्र. घर, प्लॉट, शेती असे सगळे एकाच वेळी वाटायचे असेल तेव्हा हे बरे. तिसरा रस्ता न्यायालयाचा, त्याबद्दल पुढे.

वाटणी कागदावर ठरवताना तीन गोष्टींवर बोलून घ्या, कारण खरी खडाजंगी तिथेच होते. पहिली विहीर: कोणाच्या वाट्याला आली, बाकीच्यांनी पाणी कोणत्या वारी घ्यायचे, मोटारीचे बिल कोणी भरायचे. दुसरी पांदण: मागच्या हिस्स्यात बैलगाडी आणि ट्रॅक्टर कुठून जाणार, किती फुटांची वाट सोडायची. तिसरी रस्त्यालगतची बाजू. महामार्गाकडचा एक एकर आणि नाल्याकडचा एक एकर यांचे क्षेत्र सारखे असले तरी किंमत सारखी नाही. रस्त्याची रुंदी सर्वांना उभ्या पट्ट्यांत वाटून द्या, किंवा पुढचा हिस्सा घेणाऱ्याने मागच्याला क्षेत्र वाढवून द्यावे. ही तडजोड मोजणीवाल्याला बोलावण्यापूर्वी झाली पाहिजे.

तुकडेबंदीही ध्यानात असू द्या. ऑगस्ट २०२३ च्या अधिसूचनेनुसार बहुतेक जिल्ह्यांत प्रमाणभूत क्षेत्र जिरायतीसाठी २० गुंठे आणि बागायतीसाठी १० गुंठे आहे. त्याहून लहान तुकडे पडत असतील तर एकाने जमीन घ्यावी, बाकीच्यांनी पैसे.

वाटणी पूर्वीच झाली आहे, पण कागदावर नाव एकाचे आणि ताबा दुसऱ्याचा, असे असेल तर सलोखा योजना विचारा. जानेवारी २०२३ पासून ही योजना आहे. किमान बारा वर्षे एकमेकांच्या जमिनी वहिवाटणाऱ्यांना एक हजार रुपये मुद्रांक शुल्क आणि एक हजार नोंदणी फीमध्ये अदलाबदल करता येते. योजनेची मुदत आधी कार्यालयात विचारून घ्या.

मोबदल्याचा आणि विक्रीचा पैसा

समृद्धी महामार्ग जिल्ह्यात सेलू, वर्धा आणि आर्वी तालुक्यांतून गेला. समुद्रपूरला तो शिवला नाही, पण नागपूर–हैदराबाद राष्ट्रीय महामार्ग, चंद्रपूरचा फाटा, कालवे, वीजवाहिन्या यांसाठी इथेही जमिनी गेल्या आहेत आणि पुढेही जातील. मोबदला एकरकमी येतो. शेतीचा पैसा हप्त्याहप्त्याने येतो आणि हप्त्याहप्त्याने मुरतो, त्याची आपल्याला सवय आहे. एकदम आलेल्या रकमेची नाही.

1. संपादनाची अधिसूचना निघाली की लगेच गटाचा ताजा सातबारा काढा. नाव नसेल तर सक्षम प्राधिकाऱ्याकडे लेखी हरकत द्या की मी सहवारस आहे, रक्कम माझ्या हिस्स्यासह ठरवा.
2. कोणाला किती यावरून वाद असेल तर प्राधिकारी तो प्रश्न दिवाणी न्यायालयाकडे पाठवू शकतो. ही सोय राष्ट्रीय महामार्ग कायद्यात आहे; २०१३ च्या भूसंपादन कायद्यात असा वाद त्या कायद्याखालच्या प्राधिकरणाकडे पाठवला जातो. एकाने उचलून खर्च केलेली रक्कम वसूल करण्यापेक्षा हे फार बरे.
3. सरकार वाटाघाटीने थेट खरेदी करत असेल तर जास्त सावध राहा. तिथे साधी खरेदीखते होतात आणि ज्यांची नावे सातबाऱ्यावर त्यांच्याच खात्यात पैसे जातात.
4. खासगी विक्री असेल तर खरेदीखतातच प्रत्येक हिस्सेदाराचा स्वतंत्र धनादेश वा खाते क्रमांक लिहा. "एकाच्या खात्यात घेऊ, नंतर वाटू" याला कितीही गोड शब्दांत सांगितले तरी नकार द्या. भाऊ प्रामाणिक असला तरी त्या खात्याला कर्जवसुली लागू शकते, भावाचे काही बरेवाईट होऊ शकते.
5. एक हिस्सेदार परक्याला आपला वारसाहक्काचा हिस्सा विकत असेल तर बाकीच्या जवळच्या वारसांना तो आधी विकत घेण्याचा हक्क आहे. हिंदू वारसा कायद्याचे कलम २२ शेतजमिनीलाही लागू आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये सांगितले.

लहान रकमाही घर पोखरतात. हमीभावाने सीसीआयला कापूस घातला की पैसे सातबारा आणि आधार ज्याचे त्याच्या खात्यात जातात, वेचणीची मजुरी मात्र दुसऱ्या भावाने दिलेली असते. पीकविमा, अतिवृष्टीची मदत, पीएम किसान यांचेही तसेच. यावर उपाय म्हणजे शंभर पानांची वही. दिवाळीला एकदा, तुरीनंतर एकदा, दोन्ही जावा समोर बसवून हिशोब वाचायचा.

बँकेतल्या नामनिर्देशनाबद्दलही गैरसमज फार. वडिलांच्या ठेवीवर धाकट्याचे नाव नॉमिनी म्हणून आहे, याचा अर्थ बँक त्याला पैसे देऊन मोकळी होते, एवढाच. पैशाचे मालक सगळे वारस. विम्यात २०१५ नंतर थोडा फरक आहे: पत्नी, मुले किंवा आईवडील नॉमिनी असतील तर रक्कम त्यांचीच मानली जाते.

बैठक कशी घ्याल?

महालक्ष्म्यांच्या जेवणाला सगळे येतात म्हणून त्याच दिवशी विषय काढू नका. सण खराब होतो आणि विषयही. वेगळा दिवस ठरवा. बहिणी, सुना आणि आई यांना बाजेवर नाही तर सतरंजीवर, वर्तुळात बसवा. जावईबापूंनी ऐकावे, बोलणे बहिणीने करावे. बैठकीत आधी कागद वाचा: सातबारा, कर्जाचा बोजा, ठेवी, सोने, देणी. कोणाला किती हवे हा प्रश्न त्यानंतर.

मग एका रकान्यात प्रत्येकाने काय घातले ते लिहा. वावरात राबलेली वर्षे, विहिरीचा खर्च, आईचे ऑपरेशन, धाकट्याची कॉलेजची फी. कायदा या रकान्याला फारसा ओळखत नाही. घराने ओळखायला हवे. राबलेल्या भावाला विहीर किंवा घराचा मोठा भाग सर्वांनी मिळून दिला तर त्याची अर्धी तक्रार तिथेच संपते, कारण त्याला एकरभर जमीन हवी असते त्याहून जास्त कोणीतरी ते तोंडाने म्हणायला हवे असते. ठरले ते त्याच दिवशी लिहा, सगळ्यांच्या सह्या घ्या, आणि महिनाभरात नोंदणीकृत कागद करा.

आईवडिलांनो, सगळे देऊन टाकू नका

जिवंतपणी जमीन मुलांच्या नावे करण्याची घाई कशाला? मृत्युपत्र करा. त्याला मुद्रांक लागत नाही. दोन साक्षीदार पुरतात, ते मृत्युपत्रात काही मिळणारे नसावेत. नोंदणी सक्तीची नाही, पण करून घ्या, आणि शक्य असेल तर त्या दिवशीचे डॉक्टरांचे प्रमाणपत्र सोबत ठेवा. मन बदलले तर नवे करता येते. बक्षीसपत्राचे तसे नाही.

बक्षीसपत्र करायचेच असेल तर त्यात "आमचा सांभाळ, औषधपाणी आणि राहण्याची सोय मुलाने करावी या अटीवर" असे वाक्य घाला. आईवडील व ज्येष्ठ नागरिक कायदा, २००७ च्या कलम २३ प्रमाणे अट मोडली तर ते हस्तांतरण रद्द करता येते. वाक्य नसेल तर झगडावे लागते. आईसाठी किमान एक एकर आणि घरात एक खोली तिच्या हयातीपर्यंत तिच्याच नावे राहू द्या. पतीने आपल्या हयातीतच पत्नीचे नाव सातबाऱ्यावर लावण्यासाठी १९९२ पासून लक्ष्मीमुक्ती योजना आहे.

मुले सांभाळत नसतील तर याच कायद्याखाली हिंगणघाटच्या उपविभागीय अधिकाऱ्यांसमोर अर्ज करता येतो. वकील लागत नाही. दरमहा १०,००० रुपयांपर्यंत निर्वाह भत्ता मिळू शकतो. मूल नसलेल्यांना, ज्या नातेवाइकाला त्यांची मालमत्ता मिळणार आहे त्याच्याकडून भत्ता मागता येतो. ज्येष्ठांसाठीचा दूरध्वनी १४५६७.

पती गेलेल्या सुनेसाठी

वर्धा हा शेतकरी आत्महत्यांनी होरपळलेल्या सहा जिल्ह्यांपैकी एक. कर्ता गेला की तेराव्याच्या आत त्याच्या पैशाची आणि वावराची चर्चा सुरू होते, आणि पत्नी त्या चर्चेत बसण्याच्या अवस्थेत नसते. म्हणून तिच्या माहेरच्यांनी हे वाचावे.

पात्र आत्महत्येच्या प्रकरणात मिळणारी एक लाखाची मदत, किंवा अपघाती मृत्यूनंतर गोपीनाथ मुंडे योजनेतले दोन लाख, यांचे कागद तिच्या नावाने जाऊ द्या. बँकेचे खाते तिचे स्वतंत्र असू द्या, दिरासोबत संयुक्त नको. पतीच्या हिस्स्यात ती आणि मुले वारस आहेत. मुले लहान असतील तर त्यांची नावे अज्ञान म्हणून, पालनकर्ती आईसह लागतात. अज्ञान मुलाचा हिस्सा न्यायालयाच्या परवानगीशिवाय विकता येत नाही. तिला घराबाहेर काढण्याचा प्रयत्न झाला तर २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्याने त्याच घरात राहण्याचा हक्क आहे. पुन्हा लग्न केले तरी आधी मिळालेला हिस्सा जात नाही, हेही तिला कोणीतरी सांगायला हवे.

बोलणेच थांबले असेल तर

गावची तंटामुक्त समिती २००७ पासून आहे. काही गावांत ती कामाची आहे, काही गावांत फलकापुरती. चालत असेल तर तिथून सुरुवात करा. पुढे समुद्रपूरच्या न्यायालयातील तालुका विधी सेवा समितीकडे साधा अर्ज देऊन दाव्याआधीच लोकअदालतीत प्रकरण ठेवता येते. तिथे झालेली तडजोड दिवाणी हुकूमनाम्यासारखी असते, तिच्यावर अपील नाही. म्हणून सही करताना दोनदा वाचा. महिलांना, अनुसूचित जाती-जमातीच्या व्यक्तींना उत्पन्न न पाहता मोफत वकील मिळतो. दूरध्वनी १५१००.

दावा दाखल करावाच लागला तर मालमत्तेच्या वादात महिलांना न्यायालय शुल्क माफ आहे. दाव्यासोबत जमीन विकू नये म्हणून मनाई हुकूम मागा. नुसता दावा टाकून बसलात आणि तेवढ्यात विक्री झाली, तर तिसरा माणूस खटल्यात येतो आणि वर्षे वाढतात.

सही आधीच झाली असेल तर

घाबरू नका, आणि भावाला लगेच फोनही करू नका. आधी कागद मिळवा. दुय्यम निबंधकाकडून नोंदणीकृत दस्ताची आणि तहसीलमधून फेरफाराची प्रमाणित नक्कल काढा. "वारसनोंदीसाठी सही दे" म्हणून हक्कसोडावर अंगठा घेतला असेल, वाचून दाखवले नसेल, किंवा आजारपणात सही झाली असेल, तर फसवणूक किंवा दबाव या कारणाने तो दस्त रद्द मागता येतो. त्यासाठी दिवाणी दावा तीन वर्षांत करावा लागतो, आणि ही मुदत फसवणूक तुम्हाला कळली तेव्हापासून मोजतात. नक्कल घेतल्याची तारखेची पावती वकिलाला पहिल्याच भेटीत दाखवा. नक्कल तुमच्या हातात कोणत्या दिवशी आली हे ती सांगते, आणि समोरचा वकील पहिला प्रश्न त्याचाच विचारणार आहे.